बेडकांना भिणाऱ्या नसीमबाई

नसीमबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका वर्गातल्या बाकावर उभ्या होत्या. दोन्ही हातांनी साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली, आणि आवाज पार मैदानापर्यंत जाईल असा. "काढा वो! कोनीतरी काढा त्याले!"

खाली बाकाच्या पायाशी एक बेडूक बसला होता. सुपारीएवढा. त्याला कसलीच घाई नव्हती.

मी तेव्हा नुकतीच समाजकार्याचं शिक्षण संपवून एका संशोधन प्रकल्पात नोकरीला लागले होते. "तुम्हाला ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या शेख मॅडम फार अनुभवी आहेत, अख्खं आयुष्य शिक्षकांना शिकवण्यात गेलंय, जरा कडक आहेत," असं मला सांगून पाठवलं होतं. मी नवी ओढणी, नवी फाइल घेऊन त्या आश्रमशाळेत पोचले, तर कडक मॅडम बाकावर. खिडकीच्या गजांना वसतिगृहाच्या मुली लटकलेल्या, तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसत होत्या.

मी पुढे होणार तेवढ्यात एक मुलगी आत आली. पाचवीतली, काटकुळी, तेल न लावलेल्या दोन वेण्या. तिनं बेडूक ओंजळीत उचलला, बाहेर गेली, परत आली आणि हात फ्रॉकला पुसत म्हणाली, "गेला."

"पक्का गेला?" बाईंनी वरूनच विचारलं.

"पक्का."

"परत नाई येनार ना?"

मुलीनं थोडा विचार केला. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "येईल."

बाई इतक्या हसल्या की बाकासकट पडल्या असत्या. मी हात दिला. माझा हात धरून खाली उतरताना त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू वर्षा ना? मूल तालुक्यातली? मग तुले बेडूक धरता येत असन. आजपासून तू माझ्याच संग फिरजो."

अशी माझी नेमणूक पक्की झाली. त्या मुलीचं नाव प्रमिला. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

आमचं काम असं होतं, की गावातून पहिल्यांदाच वसतिगृहात राहायला आलेली मुलं तिथं कशी रुळतात ते पाहायचं. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या काही आश्रमशाळा निवडल्या होत्या. कागदावर या रुळण्याला 'समायोजन' म्हणत. बाईंना तो शब्द बोचायचा. "समायोजन झालं म्हनजे काय झालं, तर पोट्ट्यानं रडाचं बंद केलं," त्या म्हणायच्या. "रडनं बंद केलं, तर मास्तर खूश. पन ते काऊन बंद झालं, हे कोनी पुसत नाई."

आमच्याकडे छापील प्रश्नावली होती. 'तुला वसतिगृहात एकटे वाटते का?' पुढे तीन चौकोन. पहिल्याच शाळेत आम्ही ती वाटली, तर वर्गातल्या सगळ्या मुलांनी 'कधीच नाही'वर खूण केली. मागे गुरुजी उभे होते. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "पाहिलं का वो? हे पोट्टे आपल्यालेच पास करून राह्यले."

त्यानंतर त्यांची पद्धत सुरू झाली. शाळेत पोचल्यावर पहिल्या दिवशी कुणाला काही विचारायचं नाही. "पाहुना आल्या आल्या घरच्या भानगडी पुसते का?" मग त्या काय करत? बसत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लसूण सोलत, हातपंपापाशी दगडावर बसत, मुली कपडे वाळत घालायच्या त्या तारेखाली बसत. त्यांचं बसणं फार वेगळं होतं. आपण बसतो तेव्हा कशाची तरी वाट पाहत बसतो, त्या वाट पाहत नसत. मांडी घालून, पदर डोक्यावर नीट करून अशा बसत, की आजूबाजूच्या माणसांना वाटे, ही बाई इथलीच आहे.

आणि बेडूक. पावसाळाभर व्हरांड्यात बेडूक असत आणि बाई दर वेळी किंचाळत. मला वाटायचं, एवढ्या वयाच्या बाईनं जरा सांभाळावं. पण त्या भीती लपवतच नसत. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ज्या मुली प्रश्नावलीसमोर दगड होऊन बसत, त्या बाईंना बेडकांपासून वाचवायला धावत. आणि वाचवून झालं की शेजारी टेकत. मग एकजण सांगे, मले अंधाराची भीती वाटते. दुसरी सांगे, मले इथल्या संडासची वाटते. तिसरी सांगे, माय मले विसरून जाईन असं वाटते. बाई त्यावर "अगं असं नसतं" कधी म्हणत नसत. "हो का?" एवढंच म्हणत. पुढे महिनाभर त्या संडासच्या दिव्यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या आणि दिवा लावून घेतला.

बाई चंद्रपूरच्याच. घरात हिंदी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांचे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे, बाजारात छोटं दुकान होतं. जून महिना आला की जंगलातल्या गावांतून माणसं पोरांना घेऊन येत आणि आश्रमशाळेत न्यायला पेटी घेत. पेटीवर पोराचं नाव रंगवायचं काम लहानग्या नसीमकडे असे. एकदा बसमध्ये त्यांनीच मला हे सांगितलं. "मी नाव लिहू, अन् पोट्टं माझ्याकडे पाहत उभं राही. माझ्याच वयाचं. मले वाटे, हे पेटी घेऊन जाते कुठी? तिथी गेल्यावर काय करते? अब्बाले पुसलं, तर म्हने, पढने जाते. मी म्हटलं, रोते नहीं क्या? अब्बा पत्रा ठोकत राह्यले."

हे सांगताना त्यांच्या हातात लिंबू होतं. जीपमध्ये त्यांना मळमळायचं, म्हणून आम्ही एसटीनंच फिरायचो, पुढचं सीट आणि हातात वास घ्यायला लिंबू. कंडक्टर ओळखायचे. "बाई, आज कोनती शाळा?" असं विचारून आधी त्यांना बसवायचे.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मात्र त्या खरोखर कडक होत्या. कुणी 'मागास मुलं' म्हटलं की त्याला उभं करत आणि विचारत, "कोनाच्या मागं?" पण एक प्रसंग वेगळा आठवतो. एटापल्लीकडच्या एका शाळेत मराठवाड्यातून आलेले एक तरुण गुरुजी होते. रस्त्यावरून दिवसभर सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक जायचे आणि लाल धूळ उडून शाळेच्या भिंतीच काय, गुरुजींचा पांढरा शर्टही तांबूस झालेला. बदलीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. ते वैतागून म्हणाले, "मॅडम, ही पोरं बोलतच नाहीत. दोन वर्षं झाली. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय मला."

त्या दिवशी गावात बाजार होता. बाई म्हणाल्या, "चला गुरुजी, मले चिंच घ्याची हाय."

बाजारात गुरुजींच्याच वर्गातली, गावातून शाळेत येणारी एक मुलगी आईशेजारी चिंचेचा ढीग मांडून बसली होती आणि नुसती बोलत होती. आईशी माडियात, गिऱ्हाइकाशी मराठीत, शेजारच्या बांगडीवाल्याशी हिंदीत. गुरुजींना पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बंद झाला. मान खाली.

गुरुजींचा चेहरा पडला. मला वाटलं, बाई आता चांगलं सुनावणार. त्यांनी फक्त चिंच घेतली आणि परत येताना विचारलं, "गुरुजी, जेवता काय इथी?"

"मॅगी. नाहीतर बिस्कीट."

"घरी कोन हाय?"

"आई आहे. एकटीच." मग बराच वेळ चालून झाल्यावर ते म्हणाले, "फोन लागत नाही इथून. टेकडीवर जावं लागतं."

"मंग तुम्हीच नाई रुळले अजून," बाई म्हणाल्या, पण इतक्या हळू की त्यात टोमणा नव्हता. "पोरांचं अन् तुमचं दुखनं एकच हाय, गुरुजी. त्याहिले सांगा ना."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात आपल्या गावाचं नाव फळ्यावर लिहिलं. आईचं नाव लिहिलं. ती ज्वारीची भाकरी कशी करते ते सांगायला लागले आणि मध्येच त्यांना पुढचं बोलता येईना.  बाई आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. मग ती चिंचवाली मुलगी उठली आणि तिनं विचारलं, "सर, तुमची माय इथी काऊन नाई येत?"

दोन वर्षांतला तो तिचा पहिला प्रश्न. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा गुरुजींच्या खोलीत मुलांनी आणून दिलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, सोलून ठेवलेले होते आणि एक मुलगा त्यांना ते कसे शिजवायचे ते रागावून रागावून शिकवत होता. बदलीचा अर्ज त्यांनी मागे घेतला नाही. पुढे त्यांची बदली झालीही. पण जाताना ते रडले, असं कळलं.

आता प्रमिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही तिच्या शाळेत गेलो. ही शाळा चंद्रपूर जिल्ह्यातच, सिंदेवाहीच्या बाजूची. वसतिगृहाच्या अधीक्षिका समोर आल्या त्या तक्रार घेऊनच. "बाई, ते प्रमिला, मडावीची पोट्टी, रातभर जागी राहाते जी. पलंगावर बसून राहाते टक्क. अन् दिवसा वर्गात झोपते. बाकीच्या पोरी भेतात, म्हनतात तिले काही लागलं. तिच्या बापाले बोलावून घरी धाडून देतो आता."

"आठ दिवस थांबा," बाई म्हणाल्या.

हातपंपामागे प्रमिला ताट घासत होती. बाई शेजारच्या दगडावर बसल्या. प्रमिलानं दुसरं ताट घेतलं. मग प्रमिलाच म्हणाली, "आता बेडूक नाई ना जी. थंडीत जमिनीत जाते ते."

"बरं हाय बाप्पा. म्हनजे थंडीत मले भ्याचं काम नाई." मग थोड्या वेळानं, "अन् तू? तू कशाले भेतं?"

"मी भेत नाई. मी जागतो."

"कायले वो माय?"

प्रमिलानं ताट पालथं ठेवलं. "बाबा वावरात जाते."

मग तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यांच्या वावरात विहीर आहे, मोटार आहे. पण शेतीची लाईन, म्हणजे वीज, यायची रात्री. हरभऱ्याला, वांग्यांना पाणी द्यायचं तर बापाला रात्रीच जावं लागे, जंगलाला लागून असलेल्या बांधावर, हातात बॅटरी घेऊन. दिवाळीच्या आधी शेजारच्या वावरातला तिचा काका असाच पाण्यावर गेला आणि वाघानं त्याला नेलं. तेव्हापासून घरी कुणी झोपत नसे. सुट्टीभर माय आणि प्रमिला चुलीजवळ बसून राहत. बाप परत येताना गावाच्या वळणावर सायकलची घंटी वाजवी. घंटी ऐकली की दोघी आडव्या होत.

"मंग इथी तं झोपाचं ना," मी म्हणाले. मला वाटलं, मी समजूत घालतेय.

प्रमिलानं माझ्याकडे पाहिलं. "इथून घंटी आयकू नाई येत."

मी जमिनीकडे पाहू लागले. बाईंनीही "काही होत नाई तुझ्या बाबाले" असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मलेही आयकू नाई येत. पन काहीतरी करू."

त्यांनी केलं ते असं. प्रमिलाच्या बापाला, तुळशीरामला, निरोप धाडला, की वावरातून घरी आलास की पहाटे अधीक्षिकाबाईंच्या फोनवर एक मिस कॉल दे. अधीक्षिका म्हणाल्या, मुलींचे फोन घेण्याची परवानगी नाही, नियम आहे. बाई म्हणाल्या, "नियमात फोन उचलाची मनाई हाय. मिस कॉल कोन उचलते?" अधीक्षिकांना हसू आलं, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. सकाळी त्या प्रमिलाला नुसत्या मानेनं खूण करत. मग प्रमिला नाश्ता करी. रात्री जागायची ती जागायचीच, पण वर्गशिक्षकांना बाईंनी सांगितलं, की पहिल्या तासाला हिला झोपू द्या. त्यांनी तिला शेवटच्या बाकावर उन्हाची जागा दिली.

पुढे आमचा मुक्काम पुन्हा त्या शाळेत पडला, तेव्हाची एक सकाळ. मिस कॉल आला नाही. अधीक्षिकांनी दोनदा फोन उघडून पाहिला. बाईंनी तुळशीरामचा नंबर लावला, तो बंद.  नाश्त्याचं ताट तसंच ठेवून प्रमिला फाटकाशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून मातीत बसली. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मी तिच्या गावातल्या ओळखीच्या माणसांचे नंबर शोधत होते, कुणाचाच लागत नव्हता. प्रार्थना झाली, तास सुरू झाले. ऊन चढलं. बाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना जमिनीवर फार वेळ बसवत नसे. पण त्या हलल्या नाहीत. नुसता आपला पदर काढून त्यांनी अर्धा त्या पोरीच्या डोक्यावर धरला.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास वळणावर एक सायकल दिसली.

तुळशीराम चिखलानं माखलेला होता. रात्री वाघ बांधावर आला तसा तो मोहाच्या झाडावर चढला, चढताना फोन पाटाच्या पाण्यात पडला. उजाडल्यावर गावकरी डबे वाजवत आले तेव्हा तो खाली उतरला. घरी जाऊन बायकोला तोंड दाखवलं आणि तसाच, पाणीसुद्धा न पिता, सायकल मारत इथवर आला. कारण त्याला माहीत होतं, की इथं कुणीतरी बसलं असेल.

मला वाटलं, प्रमिला धावत जाईल. ती धावली नाही. उठून हळू चालत त्याच्यापर्यंत गेली, हात लांब केला आणि सायकलची घंटी वाजवली. एकदा. मग तिथंच खाली बसून तिनं जे भोकाड पसरलं, ते ऐकून सगळी शाळा बाहेर आली. तुळशीराम एका हातानं सायकल धरून, दुसऱ्या चिखलाच्या हातानं तिचं डोकं थोपटत, "हाय ना मी, हाय ना मी," म्हणत राहिला.

बाई हातपंपावर गेल्या आणि फार वेळ तोंड धूत राहिल्या.

त्या दिवसापासून बाईंनी सोलर पंपाचं मनावर घेतलं. सोलर म्हणजे पाणी दिवसा. रात्री वावरात जायचं कामच नाही. पण तुळशीरामची जमीन वनहक्काच्या पट्ट्यावर, पट्टा प्रमिलाच्या मेलेल्या आजोबांच्या नावावर, वारसांची नावं चढायची राहिलेली. अर्ज पुढे सरकेना. बाईंना शेतीतलं काही म्हणता काही कळत नव्हतं. वांग्याचं झाड आणि मिरचीचं झाड त्यांना फळ लागल्याशिवाय ओळखू येत नसे. पण तुळशीरामला घेऊन त्या कचेरीत जात आणि तिथंही तेच करत, बसत. "साहेब, तुमचं काम चालू द्या. मी बसते इथी." पहिल्या दिवशी तिथला बाबू त्रासला, दुसऱ्या वेळी त्यानं चहा मागवला. तिसऱ्या वेळी तो आपल्या मुलीचं दहावीचं टेन्शन सांगत होता, आणि मग त्यानंच उठून वारसांच्या नोंदीचा कागद कुठं अडकलाय ते शोधून काढलं. "एवढं सोपं होतं तं आधी काऊन नाई केलं?" बाहेर आल्यावर मी चिडून म्हणाले. बाई म्हणाल्या, "त्याच्याजवळ अशे शंभर तुळशीराम येते, बेटा. त्याले चेहरा दिसत नव्हता, आता दिसला."

हे सगळं प्रकल्पप्रमुखांच्या कानावर गेलं. ते पुण्याहून येत, अभ्यासू आणि सभ्य गृहस्थ. त्यांनी बाईंना विश्रामगृहावर बोलावलं, मी सोबत होते.

"मॅडम, मला तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण आपण जे मोजायला आलो तेच आपण बदलायला लागलो, तर आपल्या निष्कर्षांवर कोण विश्वास ठेवील? त्या मुलीला मदत मिळाली, बाकीच्यांना नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. बाईही तसं म्हणाल्या नाहीत. "सर, बरोबर हाय तुमचं. मंग तिचं नाव तुम्ही अभ्यासातून खोडून टाका."

"तुमची सगळ्यात चांगली मुलाखत तिची आहे."

"असू द्या. खोडा." मग म्हणाल्या, "ते नाव राहून बाप गेला असता, तं मले तो अहवाल वाचवला नसता, सर."

सरांनी फाइल पुढे ओढली. मग त्यांनी नाव काढलं. पुढे कितीतरी दिवसांनी त्यांचा मला दुसऱ्याच कामासाठी फोन आला, तेव्हा शेवटी त्यांनी विचारलं, "आणि आपण खोडलेली ती मुलगी, ती कशी आहे?" त्यानंतरही प्रत्येक फोनमध्ये हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी फोन ठेवला नाही.

पंप यायला पुढचा हिवाळा उजाडला. बसवला त्या दिवशी तुळशीरामनं आम्हाला जेवायला बोलावलं. भर दुपारी पाणी पाटातून धावू लागलं आणि सगळं घर नुसतं उभं राहून पाहत होतं, जसं काही पाणी पहिल्यांदाच पाहिलं. प्रमिलाची माय बाईंना म्हणाली, "उजेडात पानी पाहाले किती बरं वाटते जी." थोड्याच दिवसांत अधीक्षिकांचा फोन आला. आवाजात तक्रारच होती. "बाई, तुमची ते मडावी आता सकाळी उठतच नाई जी. पानी शिंपडावं लागते."

या एका पंपामुळेच बहुधा, पुढे सोलर पंप घेतलेल्या शेतकऱ्यांचा अभ्यास करायचं काम आलं तेव्हा बाईंनी ते लगेच घेतलं. तोवर त्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. किती एकर भिजतं, कोणतं पीक वाढलं, असे प्रश्न ठरलेले होते, ते आम्ही विचारायचोच. पण शेवटी बाई आपला एक प्रश्न घालत. "आता रात्री काय करता जी?"

माणसं आधी बुचकळ्यात पडत. मग हसत. "झोपतो, बाई." एकजण म्हणाला, आता भजनात बसतो. एकाची बायको आतून ओरडली, "काही नाई करत! घोरते! आता मले झोप नाई येत!" बाई तेही लिहून घ्यायला सांगत.

पण त्यांना फक्त गोड गोष्टीच दिसत होत्या असं नाही. एका गावात भर शाळेच्या वेळी त्यांना वावरात पाणी वळवणाऱ्या मुली दिसल्या. पूर्वी पाणी रात्री, म्हणजे बापांचं काम. आता दिवसा, सोपं, बिनधोक, म्हणून मुलींना घरी ठेवून घेत. त्या दिवशी परतताना बाई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. लिंबू तसंच पिशवीत राहिलं. भद्रावतीचा स्टॉप गेल्यावर म्हणाल्या, "वर्षा, एका पोरीले झोप दिली अन् दुसरीची शाळा घेतली का वो आपन?" अहवालात त्यांनी हे सगळ्यात आधी लिहायला लावलं, पंपाचं कौतुक नंतर. आणि पुन्हा त्या गावात जाऊन ओट्यावर बसल्या. काही आयांनी ऐकलं, काहींनी नाही. एक बाप तर म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हनता दिवसा पानी चांगलं, अन् तुम्हीच म्हनता पोरगी धाडा." बाई म्हणाल्या, "हो, दोन्ही मीच म्हनते. काय करू?" तो हसला, पण मुलगी लगेच काही शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी आली.

प्रमिला आता गडचिरोलीला कॉलेजात शिकते. आवाज तोच, थोडक्यात बोलणारा.

गेल्या वर्षी बाईंना दम लागू लागला. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात ठेवलंय असं कळल्यावर मी संध्याकाळी भेटायला गेले. त्यांच्या पलंगावर कुणी नव्हतं. मी नर्सला विचारायला वळले. मग कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला.

बाई पलीकडच्या पलंगावर बसल्या होत्या. त्या पलंगावर सिरोंच्याकडची एक म्हातारी होती. नर्स म्हणाली, "तिला तेलुगूशिवाय येत नाही, मुलगा औषधं आणायला जातो तेव्हा कुणाशी बोलताच येत नाही तिला. या मॅडमना तेलुगू येतं का?" मी म्हटलं, नाही. एक शब्द येत नाही.

म्हातारीच्या एका हाताला सलाईन होती. दुसऱ्या हातानं, नखानं, ती संत्रं सोलत होती आणि तेलुगूत कशावरून तरी बाईंना रागावत होती. फोड सोलून झाली की बाईंच्या तोंडापुढे धरायची. इतक्या वर्षांत मी बाईंना कुणाच्या हातचं पाणीसुद्धा बसल्या जागी घेताना पाहिलं नव्हतं, त्या स्वतः उठून घेत. आणि आता त्या मुकाट्यानं तोंड उघडत होत्या. म्हातारी काही विचारी, बाई मान हलवत, म्हातारी आणखी रागावे आणि पुढची फोड देई.

बाईंनी मला पाहिलं. त्यांचे डोळे हसले. तोंड भरलेलं होतं, म्हणून त्यांनी हाताचा पंजा वर केला. थांब जरा.

मी बाहेरच्या बाकावर थांबले. आतून दोघींचे आवाज येत होते. मग वॉचमन आला, "चला ताई, टाइम झाला, उद्या या," म्हणाला. मी दारातून पुन्हा डोकावले. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं. संत्रं संपलं होतं. म्हातारी आपल्या लुगड्याच्या पदरानं बाईंची हनुवटी पुसत होती आणि बाईंनी डोळे मिटून मान वर केली होती.

मी हाक मारली नाही. त्यांच्यासाठी आणलेलं सामान दवाखान्यातल्या आयाबाईकडे दिलं आणि निघाले.